ताबा दिला, पण आरसीवर नाव अजून माझंच: खासगी विक्रीत कागद कसे करायचे?

हडपसरची_हॅचबॅक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे आरटीओ, एमएच-१२, पहिला मालक मीच. कर्ज २०२२ मध्ये फिटलं. बँकेचं एनओसी (ना-हरकत पत्र) फाइलमध्ये आहे, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, अजून उतरवलेली नाही. सौदा ४,२५,००० च्या आसपास ठरतोय.

गिऱ्हाइकं दोन आहेत. कोल्हापूरचे एक जण शनिवारी संध्याकाळी येऊन पूर्ण पैसे देतो म्हणतात. "फॉर्म २९-३० वर फक्त सह्या करून द्या, नावावर मी माझं करून घेतो." दुसरे बेळगावचे आहेत, त्यांना आरटीओचं एनओसी काढून हवं आहे. एजंट म्हणतो की नोटरीकडे करार केला की आपली जबाबदारी संपली.

हे खरं आहे का? आणि पैसे, चावी, आरसी, सह्या यांचा क्रम कसा ठेवायचा? विमा चालू आहे, मार्चपर्यंत.

---

चारचाकी_कागदपत्रे

एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे. करारामुळे तुमच्या दोघांमधला व्यवहार पक्का होतो. गाडी दिली, पैसे मिळाले, हे उद्या सिद्ध करायला तो कामाला येतो. पण त्या गाडीने रस्त्यात कोणाला उडवलं, तर जखमी माणसाचा तुमच्या कराराशी काही संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंद, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती. ताबा बदलत गेला, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली. अपघातग्रस्त माणसाने गाडी कोणकोणाच्या हातून गेली ते हुडकत बसावं, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

तेव्हा ताबा दिल्यापासून नाव बदलेपर्यंतचे दिवस जितके कमी ठेवाल तितके चांगले. सगळा क्रम त्यावरून ठरवायचा.

पहिली गोष्ट, कोऱ्या सह्या देऊ नका. कोणालाही, कितीही सज्जन वाटला तरी. सही केलेला कोरा २९-३० चा संच म्हणजे गाडी मधल्या लोकांच्या हातून फिरवण्याचा परवानाच. त्यात घेणाऱ्याचं नाव नसतं, तारीख नसते. तो तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि शेवटी ज्याला नावावर करायची गरज पडेल तो स्वतःचं नाव आणि सोयीची तारीख टाकतो. मधल्या काळातली चलनं, अपघात, गुन्हे, सगळं तुमच्या दारात.

दोन्ही फॉर्मांचं काम वेगळं आहे. फॉर्म ३० हा नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना: अमुक दिवशी अमुक माणसाला गाडी विकून ताबा दिला, आरसी आणि विम्याचा कागद सुपूर्द केला. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर ही सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते आणि तिची एक प्रत घेणाऱ्याला. घेणाऱ्याला त्याच्या बाजूने कळवायला ३० दिवस मिळतात. होतं असं की लोक २९ च्या सगळ्या प्रती सह्या करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात आणि निश्चिंत होतात. म्हणजे सूचना द्यायची जबाबदारी तुमची, आणि कागद गिऱ्हाइकाच्या गाडीच्या कप्प्यात!

२९ ची पूर्ण भरलेली एक जादा प्रत करा. ती घेणाऱ्याच्या आरटीओला, तुमच्या बाबतीत कोल्हापूरला, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने स्वतः पाठवा किंवा आवक शिक्का घेऊन जमा करा. पुणे कार्यालयालाही एक प्रत द्या. शिक्क्याची किंवा पोचपावतीची प्रत कराराच्या फाइलला टाचून ठेवा. एवढ्याने नोंदणीवरचं नाव बदलत नाही, पण तुम्ही तुमचं कर्तव्य वेळेत केलं याचा तो पुरावा आहे.

---

चेसिस_प्रिंट

वरच्यांनी कायद्याची बाजू सांगितलीच आहे. मी खिडकीवर अर्ज कुठे अडतो ते सांगतो. हे सगळं गिऱ्हाईक यायच्या आधी उरकायचं.

एचपी. २०२२ चं एनओसी आता बहुधा चालणार नाही. बँकेच्या एनओसीवर साधारण ९० दिवसांची मुदत छापलेली असते, आपल्या पत्रावर बघा. बँकेकडून नव्या तारखेचं पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याच्या फॉर्म ३५ च्या (एचपी उतरवण्याच्या अर्जाच्या) दोन प्रती मागा. काही बँका हेच थेट ऑनलाइन पाठवतात, मग कागद लागत नाही. एचपी उतरल्यावर परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर ती गेलेली दिसते का ते बघून मगच जाहिरात टाका. विम्याच्या पॉलिसीवरही बँकेचं नाव असेल, तेही काढून घ्या.

नंबर प्लेट. गाडी २०१७ ची म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची. महाराष्ट्रात अशा गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली नसेल तर नाव बदलणं, एचपी उतरवणं ही कामं आरटीओत अडतात. म्हणजे प्लेट एचपीच्याही आधी. अपॉइंटमेंट घेऊन बसवून घ्यायला दिवस जातात, ते हिशोबात धरा.

पीयूसी आणि विमा. दोन्ही चालू हवेत आणि पोर्टलवर चालू दिसायला हवेत. कधी कधी विमा भरलेला असतो पण पोर्टलवर जुनीच मुदत दिसते. विमा कंपनीला ती नोंद अद्ययावत करायला सांगा.

ई-चलन. महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून सगळी भरा आणि 'बाकी शून्य' दिसणाऱ्या पानाची तारखेसह प्रिंट काढा. कॅमेऱ्याची चलनं मागाहून येऊन पडतात, म्हणून ताबा देण्याची वेळ तासा-मिनिटासह लिहायची.

मोबाइल नंबर. पोर्टलवर गाडीशी जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला असेल तर ओटीपी येणार नाही. आधी तो बदला.

आता चेसिस नंबर. फॉर्मवर त्याचा पेन्सिल प्रिंट मागतात, आणि इथे लोक तीन-तीन फेऱ्या मारतात. नंबर कुठे कोरलाय ते मॉडेलप्रमाणे बदलतं: कुठे बॉनेटखाली फायरवॉलवर, कुठे पुढच्या सीटखाली पत्र्यावर, गालिच्याला कापलेल्या छोट्या झाकणाखाली. आधी फडक्याला थोडं पेट्रोल किंवा डब्ल्यूडी-४० लावून तेलकट धूळ पुसा आणि कोरडं होऊ द्या. मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून अक्षरांवरून हलक्या हाताने फिरवा. वरचा पत्रा काळा होतो, कोरलेली खाच कोरी राहते. त्यावर पारदर्शक टेप एका दमात घट्ट दाबा, उचला, आणि फॉर्मवर चिकटवा. तीन-चार प्रिंट एकदमच काढून ठेवा. अक्षरं १७ भरली पाहिजेत. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक समजा. फॉर्म भरताना शून्याच्या जागी ओ टाकला की अर्ज परत.

सही. आरटीओच्या नोंदीतली तुमची सही २०१७ ची आहे. आता ती बदललेली असेल तर जुन्यासारखी करा, किंवा सहीचा पुरावा म्हणून पॅनची प्रत जोडा.

---

पॉलिसी_बारकावे

विमा मार्चपर्यंत आहे हे तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे, ते स्वतःहून घालवू नका. गाडी विकली म्हणून पॉलिसी रद्द करून हप्त्याचा परतावा मिळतो का, असं पुष्कळ जण विचारतात. नाव बदलायच्या आधी हा विचारही नको. कलम १५७ प्रमाणे गाडी दुसऱ्याकडे गेली की थर्ड पार्टीचं (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचं) संरक्षण तिच्याबरोबर जातं. नोंदणीवर तुमचं नाव असताना अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात विमा कंपनी तुमच्या मागे उभी राहण्याचा आधार हाच.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र असा आपोआप जात नाही. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. केली नाही आणि गाडी ठोकली, तर त्याचा दावा नाकारला जातो, कारण पॉलिसीधारकाची ती गाडीच राहिलेली नाही. हे घेणाऱ्याला समजावून सांगा. नावावर लवकर करून घेण्याची घाई त्यालाच लागते.

नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. विक्रीनंतर कंपनीकडून एनसीबी राखीव ठेवल्याचं पत्र घ्या, ते ३ वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वळतं करता येतं. त्यासाठी २९-३० च्या प्रती, ताबा पावती आणि नव्या आरसीची प्रत मागतात. घेणाऱ्याला उरलेल्या महिन्यांसाठी बोनसचा फरक भरावा लागतो. हे सौद्याच्या वेळीच बोलून ठेवा, नाहीतर पॉलिसी नावावर करताना त्याला ते अचानक कळतं आणि वादावादी होते.

फास्टॅग गाडीबरोबर देऊ नका. तो तुमच्या केवायसीवर आहे. ताब्याच्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा किंवा बँकेच्या हेल्पलाइनवर सांगा, उरलेली रक्कम परत घ्या, आणि काचेवरून खरवडून काढा. तो चालू राहिला तर टोल तुमच्या खात्यातून जाईल, आणि त्याच नंबरवर नवा टॅग काढताना घेणाराही अडेल.

---

हडपसरची_हॅचबॅक

मनापासून आभार. प्लेट आणि एचपी आधी करतो. दोन प्रश्न राहिले. कोल्हापूरच्यांना नाव बदलेपर्यंत थांबायची तयारी नाही, पैसे दिले की गाडी न्यायची म्हणतात. आणि बेळगावच्यांचं एनओसी म्हणजे नक्की काय, ते दिलं की सुटलो का?

---

चारचाकी_कागदपत्रे

कोल्हापूरच्यांचं म्हणणं चूक नाही, पूर्ण पैसे देऊन कोण थांबेल? मधला मार्ग आहे. ऑनलाइन अर्ज ते आलेले असतानाच, एकत्र बसून भरा. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे ५ आकडे टाकून नाव बदलण्याची सेवा निवडायची. ओटीपी तुमच्या फोनवर येतो, तो सांगण्याआधी समोर लिहिलेलं त्यांचं नाव आणि पत्ता आधार कार्डाशी ताडून बघा. फी तिथेच भरा. हलक्या खासगी गाडीला नाव बदलण्याची केंद्रीय नियमातली फी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० आहेत. वर एजंट जे मागेल ती त्याची मजुरी. अर्ज क्रमांक आला की गाडी कोणाच्या नावावर चालली आहे ते पोर्टलवर नोंदलं गेलं. कागद कोल्हापूर आरटीओत त्यांनीच द्यायचे आहेत, नंबर एमएच-१२ च राहतो.

अर्ज भरूनही कागद जमा न करणारे असतात, म्हणून अनामत ठेवा. किमतीच्या वर २०,००० रुपये घ्या, आणि 'आरसीवर घेणाऱ्याचं नाव आल्याचं पोर्टलवर दिसल्यापासून २ दिवसांत परत' असं करारात लिहा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. जो नाही म्हणतो, त्याच्या मनात गाडी नावावर करायचं नाही असं मी धरतो.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही. त्यात दोघांची नावं-पत्ते, गाडीचा नंबर, चेसिस, इंजिन, रक्कम, पैसे कसे आले त्याचा व्यवहार क्रमांक, आणि नावावर करण्याची मुदत. ताबा पावती वेगळी करा, एका पानाची. "दि. अमुक, संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी, किलोमीटर ५८,४३० असताना, मूळ आरसी, विमा, पीयूसी व २ चाव्यांसह गाडीचा ताबा घेतला. या क्षणापासूनची चलनं, अपघात व कायदेशीर जबाबदारी माझी." खाली घेणाऱ्याची सही, अंगठा, दोन साक्षीदार. सही करताना गाडीजवळ, नंबर प्लेट दिसेल असा फोटो. कलम १३३ खाली पोलिसांनी 'त्या वेळी गाडी कोण चालवत होता' असं विचारलं तर तुम्हाला दाखवायला हाच कागद लागतो, आणि तिथे मिनिटाला किंमत आहे.

ताबा देण्याआधी त्यांचा वाहन परवाना बघा आणि प्रत घ्या. तुमच्या आधारची प्रत देताना पहिले ८ आकडे झाकलेला मास्क्ड आधार द्या, आणि प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: "फक्त गाडी क्र. अमुकच्या हस्तांतरणासाठी", तारीख, सही. अक्षरं छापील मजकुरावरून गेली पाहिजेत, कोऱ्या कडेला लिहिलेलं कापून टाकता येतं.

---

सीमेपलीकडे_नोंद

बेळगावचं मी सांगते. राज्याबाहेर विक्री असेल तर तुमच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी काढावं लागतं. गाडीवर कर, चलन, कर्ज किंवा चोरीचा गुन्हा नाही हे तपासून ते देतात. सूचनेची मुदत इथे ४५ दिवस आहे. पण एनओसी म्हणजे फक्त 'गाडी दुसरीकडे नोंदवायला आमची हरकत नाही'. ते हातात पडलं तरी नाव तुमचंच असतं. बेळगावला कर्नाटकचा कर भरून केए-२२ चा नंबर पडेल तेव्हाच ते बदलतं. तो कर मोठा असतो, म्हणून एनओसी घेऊन गाडी तशीच एमएच नंबरवर महिनोन्महिने चालवणारे बरेच आहेत. सीमाभागात रोजची ये-जा असल्याने हटकलंही कमी जातं. तेवढे दिवस तुम्ही लटकलेले.

दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच किंमत देत असतील तर कोल्हापूरला द्या, अगदी ८-१० हजार कमी आले तरी. बेळगावलाच द्यायची झाली तर अनामत वाढवा आणि एनओसीवर बेळगाव आरटीओचंच नाव टाकून घ्या. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा काही भाग गाडी बाहेर नोंदली गेल्यावर परत मागता येतो. तो कोणी मागायचा आणि कोणी ठेवायचा हे करारात लिहा. नव्या आरसीची प्रत लागते, त्यामुळे परताव्याच्या आशेने तुमचा पाठपुरावाही चालू राहतो.

---

चेसिस_प्रिंट

एक पुस्ती. समोरचा माणूस स्वतः वापरायला घेतोय की विकायला, हे सरळ विचारा. विकायला घेत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी आरटीओचं अधिकारपत्र आहे. अशा डीलरने ताबा घेताना फॉर्म २९सी ची ऑनलाइन सूचना दोघांच्या संमतीने जाते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. अधिकारपत्र नसेल तर त्याला कोणत्याही साध्या गिऱ्हाइकासारखंच वागवा: नावावर करून घे, मग पुढे विक.

---

हडपसरची_हॅचबॅक

पैशांचं शेवटचं. शनिवारी संध्याकाळी बँक बंद असेल. ते १ लाख ऑनलाइन आणि उरलेले रोख म्हणत आहेत.

---

पॉलिसी_बारकावे

उरलेले म्हणजे सव्वातीन लाख रोख? नको. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्या तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा. दोन दिवसांत तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात.

बँक बंद असण्याचा प्रश्नच नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. पैसे पाठवण्यासाठी त्यांच्या खात्याला तुमचं खातं लाभार्थी म्हणून जोडल्यावर पहिले काही तास रकमेवर बंधन असतं, म्हणून शुक्रवारी जोडून १ रुपया पाठवायला सांगा. तो कोणाच्या नावाने आला तेही बघा. करारातलं नाव आणि पैसे पाठवणारं नाव एकच हवं. मेहुण्याच्या खात्यातून येणार असतील तर तसं करारात लिहा.

स्क्रीनशॉट दाखवला, एसएमएस आला, यावर चावी देऊ नका, दोन्ही बनवता येतात. आपल्या अ‍ॅपमध्ये शिरून खात्यात जमा शिल्लक बघा. डिमांड ड्राफ्ट आणणार असतील तर तो काढलेल्या शाखेत खात्री करता येईल असा कामाचा दिवस ठरवा.

---

चारचाकी_कागदपत्रे

आणि ताबा दिल्यावर दर आठवड्याला अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघत राहा. नवी आरसी घेणाऱ्याच्या पत्त्यावर जाते, तुम्हाला कोणी कळवायला येत नाही. ३० दिवस उलटूनही अर्ज हलला नाही तर आधी त्यांना लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपही चालेल. मग करार, ताबा पावती आणि २९ ची पोच जोडून कोल्हापूर व पुणे दोन्ही आरटीओंना अर्ज द्या, आणि तुमच्या पोलीस ठाण्यात माहितीचा अर्ज देऊन त्यावर शिक्का घ्या. पोर्टलवर मालकाच्या रकान्यात त्यांच्या नावाची अक्षरं दिसली की त्या पानाची प्रिंट काढा, अनामत परत करा आणि मग एनसीबीच्या पत्रासाठी अर्ज टाका.